बारमाही भूत

"मानवजातीच्या इतिहासात आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल," किसनबाबू लढ्ढा मंचावरून म्हणाले, "कारण आजपासून उन्हाळा रद्द करण्यात येत आहे."

एवढं बोलले, त्यांना ऊन लागलं आणि ते आडवे झाले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या मौजगड या करमणूक बागेतल्या एकूण एक पाळण्यावर, घसरगुंडीवर, अगदी भज्यांच्या गाड्यावरसुद्धा तो नवा गार पडदा ताणून झाला होता. फक्त मंच राहिला होता, कारण मंडपवाल्यानं तो ऐन वेळी पडद्याच्या हद्दीबाहेर टाकला. तिथून फोटो चांगला येतो, असं त्याचं म्हणणं होतं. होळी नुकतीच झाली होती आणि नागपूर-अमरावती रस्त्याचं डांबर मऊ पडायला लागलं होतं. किसनबाबूंना उचलून पडद्याखाली आणलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी पन्हं आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी शाल मागितली. पडद्याखाली तेवढं गार होतं. उन्हाळा रद्द झाल्याचा याहून सबळ पुरावा शोधून सापडला नसता, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे शालीतलाच फोटो झळकला.

या धावपळीत ज्या माणसानं किसनबाबूंचे पाय धरले होते, तो भूत होता. म्हणजे नोकरीनं. गुणवंत तायवाडे मौजगडच्या भूतबंगल्यात भुताचं काम करायचा. रुळांवरून अंधारात गाडी यायची, त्याच्या कोनाड्यापुढे क्षणभर थांबायची, आणि पांढऱ्या कफनीतला, केस पिंजारलेला, टाचा पुढे आणि बोटं मागे अशा खास बुटांतला गुणवंत गाडीवर झेप घ्यायचा. त्या बुटांवरून चालणं म्हणजे दोरीवरून चालण्यासारखं. पण गुणवंतनं ते असं साधलं होतं, की बाजारात साध्या चपलांवर तोच अडखळायचा.

मौजगड आजवर होळीला बंद व्हायचं ते मृग लागेपर्यंत. मधल्या दिवसांत पाळण्याच्या लोखंडी सीटवर बसणारा माणूस पुन्हा बसण्याच्या लायकीचा राहत नसे. त्यामुळे गुणवंतची नोकरी हंगामी, आणि ही गोष्ट त्याच्या सासरी फार लागलेली. त्याचा मेव्हणा पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमचे जावई भूत आहेत, तेही हंगामी. पिंपळावरचं तरी कायम असतं."

गुणवंतची बायको ज्योत्स्ना तिकडे मेळघाटात, धारणीजवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायची आणि मुलींच्या वसतिगृहावरही तीच असायची. दिवाळीला, रविवारी जग सुट्टीवर असताना याला काम, आणि शाळेच्या मुली सोडून तिला हलता येत नाही. मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार मावायचा तो फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, आर्वीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात. खरं सांगायचं तर त्या घराच्या गच्चीवर.

त्या गच्चीवर कुरड्या व्हायच्या. ज्योत्स्ना गहू भिजत घालायची, वाटून त्याचा चीक काढायची आणि झुंजुमुंजू असताना तो शिजवायची. मग पितळी सोऱ्या हातात येई. चीक भरायची ती, सोऱ्या पिळायचा गुणवंत, कारण त्याला जोर लागतो आणि भुतांना जोर असतो, असं ज्योत्स्नाचं म्हणणं. पांढऱ्या धोतरावर वेटोळी पडत जायची. ऊन वर आलं की चिमण्या यायच्या. मग गुणवंत जुनी कफनी घालून गच्चीच्या मधोमध उभा राहायचा आणि हात पसरून हुंकार द्यायचा. पहिल्या दिवशी चिमण्या उडायच्या. दुसऱ्या दिवशी थोड्या लांब सरकायच्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून कुरड्या बघायच्या.

"तुम्ही माणसांनाच भेववा," ज्योत्स्ना म्हणायची. "चिमण्यांना लवकर सवय होते."

आणि हसायची. उरलेलं वर्ष गुणवंत त्या हसण्यावर काढायचा.

तर पडदा लागला त्याच संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"ज्योत्स्ना, मी कायम झालो."

"कशात?"

"नोकरीत. बारमाही. क्वार्टर पण भेटलं. सांग तुझ्या भावाला."

पलीकडून मुलींच्या पाढ्यांचा आवाज येत राहिला. "आणि उन्हाळा?" तिनं विचारलं.

"तो रद्द झाला."

"मला विचारलं नाही तुम्ही."

"आनंदाची गोष्ट होती. त्यात काय विचारायचं?"

शिक्षक मंडळी अवघड प्रश्न पुढच्या तासाला ठेवतात. तिनं पडद्याची चौकशी केली.

"पांढरा आहे," गुणवंत सांगू लागला. "आत काचेचे बारीक मणी आहेत म्हणतात. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, आणि खाली दात वाजतात. किसनबाबू म्हणतात, जादू आहे."

"जादू काहून असंल? गच्चीवर झोपल्यावर पहाटे तुम्ही माझी गोधडी ओढता. का ओढता?"

"थंडी वाजते म्हणून."

"भर मे महिन्यात? हवा तर तापलेलीच असते. थंडी वाजते, कारण अंगातली उष्णता वर जाते. जी वस्तू गरम आहे, ती न दिसणारे किरण फेकत असते. त्यातले बहुतेक हवा अडवते. पण काही लहरी अशा आहेत, की त्यांना हवा अडवत नाही. आभाळाला तेवढी एक खिडकी उघडी आहे असं समजा. तिथून उष्णता निघाली की थेट अवकाशात जाते. आणि अवकाश इतकं थंड आहे, की आपण सगळी ऊब देऊन टाकली तरी त्याला पत्ता लागत नाही."

"मग दिवसा काहून नाही वाजत थंडी?"

"दिवसाही जातेच. पण जाते त्याच्यापेक्षा ऊन जास्त देतं. तुमच्या पडद्यानं ऊन सगळं परत फेकलं आणि त्या खिडकीतून जाणारी उष्णता तेवढी जाऊ दिली. म्हणून भर दुपारी पहाट होते."

"म्हणजे आपली गच्चीच झाली नं ही."

"आपल्या गच्चीवर सकाळी ऊन यायचं," ज्योत्स्ना म्हणाली. मग म्हणाली, "बरं. मे महिन्यात मीच येते तिकडे. गहू घेऊन येते."

ती आली, तेव्हा मौजगडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खा विदर्भ शाळेच्या सुट्ट्या लागल्याबरोबर पडद्याखाली येऊन बसला होता. दारावर स्वेटर भाड्यानं मिळत होते. लोक पाळण्यात बसायला येतच नव्हते; सतरंज्या अंथरून पत्ते कुटायला, लेकीची स्थळं पाहायला, राहिलेली झोप पुरी करायला येत होते. भूतबंगला तर पडद्याखाली पुन्हा अंधारातला, म्हणून सगळ्यांत गार, म्हणून सगळ्यांत लांब रांग तिथंच. लोक घाबरायच्या ऐवजी गुणवंतला म्हणायचे, "दादा, आणखी एक चक्कर होऊ द्या, बरं वाटतं."

ओरडून ओरडून गुणवंतचा घसा बसला. तेव्हा किसनबाबूंनी त्याला नवा मुखवटा दिला. त्यात आवाजाचं यंत्र होतं. आत काहीही बोला, बाहेर गुरगुर आणि तिच्या शेवटी खदाखदा हसू. मुखवटा गिऱ्हाइकासमोर काढायचा नाही, असा नियम होता. त्याला शिंक आली तरी रांगेतल्या बायका टाळ्या वाजवायच्या.

जेवायलाही सुटका नसे. मग ज्योत्स्ना डबा घेऊन रांगेत उभी राहायची, गाडीत बसायची आणि गाडी कोनाड्यापुढे थांबली की भुताच्या पंज्यात डबा ठेवायची. मागच्या सीटवरचे किंचाळायचे. "भाजी तिखट आहे, पोळी आधी खा," एवढं सांगेपर्यंत गाडी पुढे जायची. त्या महिन्यात नवरा-बायकोचं जे काही बोलणं झालं, ते साधारण असं झालं. रात्री गुणवंत क्वार्टरवर यायचा तो आडवा होण्यासाठीच.

एका पहाटे मात्र तिनं त्याला उठवलं. चीक तयार होता. क्वार्टरच्या गच्चीवर धोतर अंथरून दोघं बसली. वर पडदा दुधासारखा पांढरा.

"वाळतील का हो?" तिनं विचारलं.

"उन्हाळा आहे नं," गुणवंत म्हणाला.

तिनं एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि सोऱ्यात चीक भरून त्याच्या हातात दिला. त्यानं पिळला. वेटोळी सुरेख पडली. त्या सकाळी ती थोडं हसली सुद्धा. मग तो कामावर गेला आणि ती राखण करत बसली.

चिमण्या आल्या नाहीत. ज्याच्यात त्याच्यात नाक खुपसणाऱ्या त्या पाखरांनाही इथं काही व्हायचं नाही हे कळलं असावं. दुपारी कुरड्या ओल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही ओल्याच, वर पाण्याच्या घसरगुंडीकडची दमट हवा खाऊन जरा फुगलेल्या. गुणवंतनं जेवणाच्या वेळी धावत येऊन त्या हळूच उलटून ठेवल्या आणि "उद्या वाळतात बघ," असं म्हणून तो परत धावला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला आणि वेटोळ्यांवर काळे ठिपके आले.

त्या दुपारी भूतबंगल्याच्या मागच्या दारातून गुणवंतला दिसलं, की ज्योत्स्ना कुंपणाशी गेली आहे. पडद्याची सावली जिथं संपायची तिथं जमिनीवर सुरीनं कापल्यासारखी रेघ होती. अलीकडे थंडी, पलीकडे आग. कुरड्यांचं धोतर तिनं रेघेपलीकडच्या उकिरड्यावर झटकलं. मग परत न फिरता ती तिथंच उन्हात उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही तळवे पुढे करून, शेकोटीपुढे उभं राहावं तशी. गुणवंतला तिच्याकडे जायचं होतं. तेवढ्यात गाडी आली आणि त्याला झेप घ्यावी लागली.

सुट्टी अर्धी बाकी असताना ती म्हणाली, "मी आर्वीला जाऊन राहते. तुम्ही या जमलं तर."

"येतो नं. दोन दिवसांत रजा काढतो."

तिनं सामान बांधलं. सोऱ्या धुऊन पालथा घातला होता. तो अजून ओलाच होता, म्हणून तेवढा राहिला.

गुणवंतनं रजा मागितली. किसनबाबूंनी शालीतून त्याच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "कायम माणसाला रजा कशाला लागते? रजा हंगामी माणसाची." हे तर्कशास्त्र गुणवंतला इतकं पटलं, की त्यानं पुन्हा विचारलं नाही. खरं कारण वेगळं होतं. त्याला बारमाही असण्याची गोडी लागली होती. मेव्हणा आता पाहुण्यांसमोर "आमचे जावई पर्मनंट आहेत" एवढंच म्हणायचा, कशात ते सांगायचा नाही.

एखादी चांगली गोष्ट निघाली की ती एका जागी थांबत नाही. वर्षभरात पडदा स्वस्त झाला आणि सगळीकडे पसरला. बाजारांवर आला, दवाखान्यांवर आला. उष्माघाताचे रोगी नाहीसे झाले. म्हाताऱ्या माणसांनी दुपारी अंगण पाहिलं. कुणी नावं ठेवावीत असं त्यात काहीच नव्हतं. मग तो शाळांवर आला, आणि वरून आदेश निघाला की उन्हाळी सुट्टीला आता शास्त्रीय आधार उरलेला नाही. शाळा बारमाही. पाठोपाठ कचेऱ्या बारमाही, कारखाने बारमाही. उन्हाळा जावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. पोरांनी मामाकडे जायचं, लेकींनी माहेरी यायचं, ते त्याच उन्हाळ्याच्या खांद्यावर बसून, हे तो गेल्यावर लक्षात आलं. तोवर सगळ्यांच्या हजेऱ्या लागल्या होत्या.

पहिला फटका बसला मौजगडला. सुट्टीच नाही, तर सुट्टीतली गर्दी कुठली? दुसऱ्या उन्हाळ्यात स्वेटरांची थप्पी दारावर तशीच पडून राहिली. आकाशपाळणा रिकामा फिरायचा, पाण्याच्या घसरगुंडीवरून नुसतं पाणी घसरायचं. किसनबाबू म्हणाले, "बारमाही म्हणजे बारमाही. जाहीर केलंय आपण." त्यामुळे गुणवंत रोज कफनी, मुखवटा आणि उलटे बूट घालून रिकाम्या अंधारात उभा राहायचा. त्याला भीती वाटायची.

फोन आधी रोज व्हायचा. मग रविवारी व्हायला लागला. मग नुसते निरोप.

"जेवले का?"

"हो. तू?"

"हो."

मे महिना सरत आला असताना एका रविवारी दुपारी, गाडीचं बटण सांभाळणारी शबाना कर्ण्यावरून ओरडली, "तायवाडे, उठा. गिऱ्हाईक आलंय. बाई आहे एकटी."

गुणवंत सरसावून उभा राहिला. इतक्या दिवसांनी आलेल्या गिऱ्हाइकाला चांगलं घाबरवायचं, असं त्यानं ठरवलं. गाडी वळणावरून आली, कोनाड्यापुढे थांबली, आणि त्यानं उचललेले हात तसेच वर राहिले. गाडीत ज्योत्स्ना होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"जेवले का?" तिनं विचारलं.

"तू कशी आलीस?" तो म्हणाला. यंत्रानं गुरगुर केली आणि खदाखदा हसून दाखवलं. गाडी पुढे गेली.

शबानानं बाहेर काय समजायचं ते समजून घेतलं असावं. गाडी बाहेर न थांबता फिरून परत आली.

"सुट्टी नाही आम्हाला. आज रविवार म्हणून आले," ज्योत्स्ना म्हणाली. "संध्याकाळच्या बसनं परत."

गुणवंतनं मुखवट्याखाली बोट घालून यंत्र चुकवायला फट केली. "थांब, मी किसनबाबूंना सांगून—"

"राहू द्या. बोलायचंय ते एवढ्यात होईल."

गाडी गेली. पुढच्या वळणावर ध्वनिफितीतली बाई किंचाळली. गुणवंत अंधारात चाकांचा आवाज ऐकत उभा राहिला.

"धारणीला घर घेतलं मी. शाळेच्या मागे," पुढच्या फेरीत ती म्हणाली. "तिथंच राहीन आता. आर्वीला नाही येणार. इथंही नाही."

त्यानं फटीतून विचारलं, "कोणी आहे का?"

"कोणी नाही." गाडी हलली तशी तिनं मान मागे वळवून पुन्हा सांगितलं, "कोणी नाही हो."

यानंतरची फेरी त्याला फार लांबली असं वाटलं. ती आली तेव्हा समोर बघून बोलत होती, वर्गात बोलावं तशी, सावकाश.

"मागच्या वर्षी आर्वीच्या गच्चीवर मी एकटी झोपले. रोज वाट पाहिली. राग आला, रडले. ते बरं होतं. यंदा परवा फळ्यावर तारीख लिहायला घेतली, तर मे संपत आलेला. अख्खा उन्हाळा गेला, आणि मला तुमची आठवण यायची राहूनच गेली." गाडी सुटली. जाता जाता ती म्हणाली, "त्याचं फार वाईट वाटलं मला. आठवण न आल्याचं."

तिसऱ्या दिवशी चिमण्या खांद्यावर बसायच्या, हे गुणवंतला आठवलं. कफनीच्या आत त्याला दरदरून घाम फुटला होता. पडद्याखाली हे कुणालाच कधी झालं नव्हतं.

"कुरड्या वाळल्या असत्या तर," तो पुढच्या खेपेला फटीतून कसाबसा म्हणाला.

"वाळणार नाहीत हे मला माहीत होतं. विज्ञान शिकवते मी." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे, म्हणजे मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांकडे पाहिलं. "तुम्ही 'उन्हाळा आहे नं' म्हटलं, म्हणून घातल्या."

गाडी गेली. तेव्हा गुणवंतनं ते उलटे बूट पायांतून उपटून काढले आणि अनवाणी रुळावर येऊन उभा राहिला. गाडी आली, त्याच्या गुडघ्यांपाशी थांबली आणि थांबूनच राहिली. शबानानं लाल बटण दाबलं असणार. ध्वनिफीतही बंद झाली. मुखवट्याचा पट्टा केसांत अडकला होता, निघेना. तो सोडवण्याइतका किंवा बोटानं फट धरण्याइतकाही धीर गुणवंतला नव्हता. तो तसाच बोलायला लागला.

आयुष्यात तो इतकं बोलला नव्हता. नोकरी आज सोडतो, आत्ता सोडतो, म्हणाला. धारणीला येतो, शाळेच्या दारात भजी तळीन पण येतो, म्हणाला. तुझा भाऊ काय म्हणंल ते म्हणू दे. मी तुला विचारायला पाहिजे होतं. त्या दिवशी तू कुंपणापाशी उन्हात उभी होतीस तेव्हा मी धावत यायला पाहिजे होतं, आणि मी गाडीवर झेप घेतली. आपल्याकडची सगळी ऊब आपण त्या खिडकीतून वर देऊन टाकली आणि वर कुणाला पत्ताही लागला नाही. थोडी उरली असेल तर आपण पुन्हा गच्चीवर जाऊ, कुठल्याही, जिच्यावर पडदा नसेल अशा. मी चिमण्या हाकलतो. मला तू हसलेली पाहिजे. प्रत्येक वाक्याला यंत्र गुरगुरत होतं आणि वाक्य संपलं की पोट धरून हसत होतं. जिथं त्याला हुंदका फुटला, तिथं ते सगळ्यांत मोठ्यानं हसलं.

ज्योत्स्ना शेवटपर्यंत ऐकत होती. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचं ऐकावं तशी, मधे न बोलता, नजर न काढता. मग तिनं पदरानं डोळे पुसले, पुढे वाकली आणि त्याच्या केसांत अडकलेला पट्टा हलक्या हातानं सोडवला. मुखवटा त्याच्या हातात आला. आतला चेहरा ओला होता. आता सगळं नीट ऐकू गेलं असतं, पण सगळं बोलून झालं होतं, आणि तेच पुन्हा पहिल्यापासून बोलण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"झालं?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"मग एक करा नं," ती म्हणाली. "सोऱ्या राहिलाय माझा. आता वाळला असंल. तेवढा आणून द्या."